हिरव्या शाईतला चाळिसावा

प्रिंटरचं रिकामं कार्ट्रिज धुऊन, शाई भरून पुन्हा चालू करता येतं, मग माणसालाच काय धाड भरते? हा प्रश्न मी डॉक्टरला विचारला, पाद्रीबाबांना विचारला, दादाच्या दुकानाच्या कुलपालाही विचारला. कोणीच उत्तर दिलं नाही. (कुलपाचं मी मनावर घेतलं नाही.)

रादान दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्या गावचा कार्ट्रिजवाला. शाळा, बँक, नगरपालिका, सगळ्यांची रिकामी कार्ट्रिजं गोळा करायची. धड असतील ती भरून परत द्यायची, कामातून गेलेली पोत्यात घालून शहरातल्या कारखान्यात वितळवायला पाठवायची. असाच एक दिवस दुकानात बसल्या जागी गेला. दफनाला इतका पाऊस कोसळला की खड्ड्याभोवती घरचे आम्ही, पाद्रीबाबा आणि खड्डा खणणारा, बस्स.

"चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला तरी अंगण भरू दे, मिंचो," नेव्हेना वहिनी म्हणाली. "गावाला आपली किंमत नव्हती असं वाटायला नको रे त्याला."

अंगण भरायचं तर खांबाखांबावर दादाचा फोटो छापलेला कागद लागायला हवा. त्याशिवाय आमच्याकडे कोणी गेलंय यावर लोकांचा विश्वासच बसत नाही.

"झेरॉक्सवालीकडून छापून आण," वहिनी म्हणाली.

"दादाचा कागद परक्याच्या शाईत? कार्ट्रिज मी भरतो!"

"येतं तुला?"

"लहानपणापासून बघतोय."

(नुसता बघतच होतो.)

पोत्यातलं एक कार्ट्रिज काढलं आणि इंजेक्शनच्या सुईने भरलं. दादा उरलीसुरली शाई फेकत नसे, सगळी एका बाटलीत ओतून ठेवायचा. बाटलीत ती काळीकुट्ट दिसत होती. (बाटलीत कुठलीही शाई काळीच दिसते. हे मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.) छापून निघालेले ओले कागदही काळेच वाटले. उन्हं उतरायच्या आत मी ते गावभर चिकटवले. हात कोपरापर्यंत माखले होते, पण दादा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो.

सकाळी कागद वाळले आणि हिरवे झाले. किनार हिरवी, अक्षरं हिरवी, आणि दादा तर बरणीतल्या काकडीसारखा.

आता, आमच्या गावात काळी किनार ख्रिस्त्यांची आणि हिरवी मुसलमानांची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पहिले आले मशिदीच्या गल्लीतले शाबान काका. मला मिठीच मारली.

"रादान आमच्यात आला आणि आम्हाला बोलला नाही रे! चाळिसाव्याचा हलवा आमच्याकडून. नाही म्हणू नकोस."

"काका, ती शाई..."

"लाजतोस काय? चांगली गोष्ट आहे!"

ते गेले आणि दाढी थरथरवत पाद्रीबाबा आले.

"मिंचो, मी याला पुरला तेव्हा हा ख्रिस्ती होता ना?"

"होता, बाबा."

"मग पुरल्यावर बदलला?"

"शाई बदलली, बाबा."

"काळे कागद लाव, नाहीतर प्रार्थनेला मी येणार नाही!"

वहिनीने झेरॉक्सचे पैसे माझ्या हातावर ठेवले. ती रडली असती तर बरं झालं असतं. मी भिंतीवरचा फोटो काढला (नदीकाठी मी आणि दादा, मध्ये मासा) आणि झेरॉक्सवालीकडे पळालो.

"कुठला घेऊ?" तिने विचारलं.

"डावीकडचा!"

मी तिच्या समोर उभा होतो. माझी डावी ती तिची उजवी. घाईघाईत कागद घेतले आणि एकदाही न बघता प्रत्येक हिरव्या दादाशेजारी एक काळा चिकटवला.

चाळिसाव्याला मी फाटक उघडलं तर समोर चर्चमधल्या सगळ्या बायका, हातात फुलं. मला बघून पहिली किंचाळली, दुसरीने छातीवर क्रूसाची खूण केली.

"अगं, हा तर उभा आहे!"

"दोन्ही भाऊ गेले म्हणून आलो आम्ही! खांबावर दोघं शेजारीशेजारी!"

मागून शाबान काका आख्ख्या गल्लीला घेऊन आले, डोक्यावर हलव्याची परात. पाद्रीबाबा आले, फाटकाबाहेर थबकले, मला चिमटा काढून बघितला आणि मग आत आले. खुर्च्या संपल्या, तेव्हा लोक कार्ट्रिजच्या पोत्यांवर बसले. आमचा चाळिसाव्याचा उकडलेला गहू आणि त्यांचा हलवा एकाच ताटात वाढला गेला. दादाने कोणाचं यंत्र कसं जिवंत केलं, कोणाकडून पैसेच घेतले नाहीत, हे जो तो दुसऱ्याहून मोठ्या आवाजात सांगत होता.

वहिनीने भरलेल्या अंगणाकडे बघितलं, माझ्या हिरव्या हातांकडे बघितलं आणि खो खो हसत सुटली. हसता हसता रडली, मग परत हसली. "एवढी माणसं त्याच्या लग्नालासुद्धा नव्हती रे," म्हणाली.

पाहुणे गेल्यावर मी स्वतःचे कागद काढायला निघालो. दादाच्या दुकानासमोरच्या खांबावरचा जेमतेम अर्धा सोलला, तेवढ्यात मागून पाठीत काठी बसली. गिना आजी.

"मेलेल्याच्या कागदाला हात लावतोस? लाज नाही वाटत?"

"आजी, नीट बघ. हा मीच आहे."

आजीने चष्मा पुसला. कागद बघितला. मला बघितलं. परत कागद बघितला.

"चल, खोटारड्या! हा पोरगा दिसायला चांगला होता."

मी गुपचूप खळ लावली आणि स्वतःला दादाशेजारी परत नीट चिकटवलं.