एकही तुकडा उरला नाही!

यंदाच्या दसऱ्याला मी वेळापूरला जाणार म्हणजे जाणार! दादांच्या हातावर स्वतः सोनं ठेवणार! आळीतल्या झाडून साऱ्या बायकांना मी हे सांगून ठेवलं होतं. दादा म्हणजे माझे वडील. त्यांची नजर गेली आहे. आपट्याचं पान देणाऱ्याची बोटं चाचपून ते माणूस ओळखतात. कित्येक दसऱ्यांत माझी बोटं काही त्यांना सापडली नव्हती.

पण यंदा आमच्या दारात फटफटी होती! आमचे हे शाळेत ड्रॉइंग शिकवतात. कुणा साहेबाने विलायतेला जाताना टाकलेली ही फटफटी घरी आली, आणि यांचं पाऊल जमिनीला लागेना. समोरचा पीरसाब वेळापूरची सर्व्हिस मोटर चालवतो. तो बिचारा अष्टमीलाच विचारून गेला, "वैनी, दसऱ्याला दोन जागा धरून ठेवू का? लई गर्दी हाय की."

हे ओसरीवरून गरजले, "घरची गाडी असताना? कशाला!"

गाडी होती खरी. पण खड्डा आला की पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरून ठेवणारे तिचे ते दोन पाय, शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा केकाटे.

"नुसता खोलायचा, घासलेटने धुवायचा, परत जोडायचा," हे म्हणाले. "विसरायला नको म्हणून आधी चित्र काढतो."

चित्र काढलं. दिव्याच्या काचेवरचं ऊनसुद्धा दिसत होतं, इतकं सुरेख! चिमट्याच्या आत काय असतं, तेवढं मात्र त्यात नव्हतं.

संध्याकाळपर्यंत चिमट्याची भातुकली ओसरीभर पसरली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी हे पाना शोधायला गेले, तर पाना पाटावर! शेजारी सगळे नट, सगळ्या दांड्या उंचीप्रमाणे ओळीने मांडलेल्या आणि मधोमध स्प्रिंग. पंचामृताची आंघोळ झालेली, हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूचं फूल!

"अगं आई, हे काय केलंस!"

"हत्यारांची पूजा!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "रात्रीच काढून ठेवलीस, म्हटलं कधी नव्हे ते पोराला आठवण राहिली! आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही हो."

आईपुढे यांच्या तोंडून ब्र निघत नाही. दिवसभर आम्ही दोघांनी पाटासमोर बसून, स्प्रिंगच्या वेटोळ्यांवरून मुंग्या चढताना पाहिल्या.

दसऱ्याला पूजा उतरली आणि जोडणीला तोंड लागलं. पाना मधाने चिकटत होता, नट दह्याने घसरत होते.

"स्प्रिंग दाबायला वजन हवं," हे म्हणाले.

"माझ्याकडे बघून बोलू नका!"

"अगं, दादांसाठी तरी!"

मी पदर खोचून दाबायला गेले आणि स्प्रिंग सणकन सुटली! तुळशीवरून उडाली, कुंपणावरून गेली. आमच्या घरातलं पहिलं सीमोल्लंघन तिनेच केलं!

पीरसाब ती हातात घेऊन आला. "वैनी, तुमची ही तर फुडं निघाली की! दोन जागा अजून हायत बघा."

"नकोत!" हे म्हणाले.

शेवटी चिमटा उभा राहिला. यांनी पाट उचलून झटकला. "बघ! एकही तुकडा उरला नाही! जोडणी बिनचूक झाल्याची हीच खूण!"

मलाही पटलं. यांनी घड्याळ जोडलं होतं, तेव्हा वाटीभर उरलं होतं!

काष्टा आवळून, आपट्याची पानं पोटाशी धरून मी मागे बसले. जकात नाक्यापर्यंत विमानात बसल्यासारखं वाटलं. नाक्यापलीकडे पहिला खड्डा आला. खट्ट! फटफटीने भर रस्त्यात गुडघे टेकले. हेही उतरून तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि आत डोकावून पांढरे पडले.

"स्प्रिंगच्या बुडाला एक पितळी टोपी असते गं. ती कुठाय?"

तेवढ्यात मागून पीरसाबची मोटर आली. माणसं खिडक्यांतून ओसंडत होती.

"आता जागा न्हाय की वो वैनी! टपावर बी मानसं हायत!"

मी काय करणार? पानं त्याच्या हातात दिली. "एवढी आमच्या दादांना द्या. माझं नाव सांगा."

"सांगतो की," पीरसाब हळूच म्हणाला. "पर बोटं माजीच चाचपतील त्ये."

मोटर गेली. धूळ खाली बसली. मग फटफटी अर्धी ढकलत, अर्धी उचलत घरी आणली.

"आई, पाटावर एक पितळी टोपी होती का? घुमटासारखी?"

"ती होय! किती गोजिरी! तिला काय नटांच्यात ठेवायची? देवात ठेवली."

हे धावले. देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला!

"हां! हात लावू नकोस," सासूबाई कुजबुजल्या. "नैवेद्य झालाय, देव आत्ताच निजलेत. उठले की देते हो."

मी काळे हात पदरात गुंडाळून पडद्याच्या फटीतून पाहिलं. अन्नपूर्णा आणि बाळकृष्णाच्या मधोमध, कपाळभर कुंकू लावून, समोर श्रीखंडाची वाटी घेऊन टोपी निवांत बसली होती.

आमच्या घरात दसरा झाला तो तेवढा तिचाच!