पॅनेलसाठी दुपारच्या आंघोळी

उन्हात ठेवलेली वस्तू तापते, हे जगाला पूर्वीपासून ठाऊक होतं. त्यावर उपाययोजना समिती मात्र प्रथम आमच्या कथेतल्या सचिवांनी नेमली.

या सोसायटीच्या सचिवांना यातून तीन गोष्टी मिळणार होत्या: फाटकावर ‘आदर्श सौर इमारत’ अशी पाटी, तिच्यावर स्वतःचं नाव, आणि ते वाचणारा मेहुणा. (पहिल्या दोन तिसरीसाठीच हव्या होत्या.)

पाटी देणाऱ्या सरकारी खात्याची अट एकच, सौर पॅनेलची कार्यक्षमता चौदा टक्क्यांवरून सोळावर न्यायची. गच्चीवरचं संकरित पॅनेल वीजही देई आणि पाणीही तापवी. पण भर दुपारी स्वतःच इतकं तापे की वीज घटे. मागच्या नळ्यांतून गार पाणी फिरलं की ते निवे. गार पाणी यायचं, तर टाकीतलं गरम कोणीतरी संपवायला हवं.

“द्या की ओतून गटारात,” सचिवांची बायको म्हणाली.

“अर्जात ‘वापरलेलं गरम पाणी’ असा रकाना आहे. ओतलेलं, असा नाही.”

ऐन उन्हाळ्यात जिन्याखाली सूचना लागली: रहिवाशांनी दुपारी बारा ते तीन, मजल्यानुसार, कढत पाण्याने आंघोळ करावी. (सकाळची ऐच्छिक.)

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तीन दिवसांत अकरा आंघोळी करून कार्यक्षमता अर्धा टक्का वर आणली. तळमजल्यावरच्या काकू सचिवांना कोरड्या सापडल्या.

“अहो, अंगाची लाही होतेय.”

“काकू, जरा पॅनेलचा विचार करा. ते बिचारं दिवसभर उन्हात असतं.”

तपासणीला निरीक्षक आले. पॅनेल गार, आकडा सोळा. जिन्यात मात्र विटेसारखी लाल माणसं टॉवेलने वारा घेत होती, आणि घरोघर पंखे, एसी घरघरत होते.

“वाढलेली वीज कुठे जाते?”

“आंघोळीनंतर रहिवासी निववावे लागतात,” सचिव म्हणाले.

निरीक्षकांनी मान डोलावली. त्याला रकाना नव्हता.

पाटी लागली. मेहुणा आला, पाटी दोनदा आणि जिन्याखालची सूचना एकदा वाचून म्हणाला, “झकास आहे, दाजी. तुमची आजची झाली का?”

सचिवांनी घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता. त्यांच्याच मजल्याची पाळी. ते टॉवेल घेऊन आत गेले.

एकूण हिशेब असा: रोज वाढलेली वीज चार युनिट, माणसं निववायला लागलेली नऊ. पॅनेलची तब्येत उत्तम. मास्तरांच्या पाठीचं सालपट निघालं.

हे यश पाहून बावीस इमारतींनी अर्ज केले आहेत. तुमच्या जिन्याखालचा फलक तुम्ही शेवटचा कधी वाचलात?