सर्जेरावांनी टेबल बुक केलं

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून परतूरच्या शाळेतले क्लार्क सर्जेराव यांनी रविवारी दुपारी बायकोला जालन्याच्या मोठ्या हॉटेलात न्यायचं ठरवलं. फोनवरून टेबलही बुक केलं. (रेल्वेचं तिकीट सोडलं तर आयुष्यात बुक केलेली ही पहिलीच गोष्ट.) "तिथं बावचळायचं न्हाई. मी करतो तसं करायचं," त्यांनी दैवशालाबाईंना बजावलं.

दारात मॅनेजरनं नाव विचारलं. 'सर्जेराव' ऐकताच तो त्यांना थेट एका मोठ्या टेबलाशी घेऊन गेला. तिथलं वयस्क जोडपं हात जोडून उठलं.

"या, तुमचीच वाट पाहून राह्यलो. मी अण्णासाहेब, ह्या गिरिजाबाई."

"मालक असतील," सर्जेराव बायकोच्या कानाशी लागले. "मोठ्या हाटेलात घरच्यावानीच वागवतात."

काळ्या जाकिटातल्या एका तरुणानं सूप वाढलं. (वेटरही काळ्या जाकिटातच होते.) निम्मं वाटीत गेलं, निम्मं सर्जेरावांच्या बाहीवर. ते मोठ्या मनानं हसले.

थोड्या वेळानं अण्णासाहेब घसा खाकरून म्हणाले, "मंग, मुलगा कसा वाटला?"

मोठ्या हॉटेलात अभिप्राय विचारतात, हे सर्जेरावांनी ऐकलं होतं.

"सभ्य आहे. पण हात थरथरतो. महिनाभर पाहा, न्हाई जमलं तर बदला."

गिरिजाबाईंचा चमचा हवेतच राहिला. "मुलगा बदलू?"

"असे ढीगभर मिळतात की."

तेवढ्यात मॅनेजर ओशाळून आणखी दोघांना घेऊन आला. लग्नाची मुलगी मोनाली आणि तिचे जाफराबादचे मामा. मामांचंही नाव सर्जेराव. अण्णासाहेबांनी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं, फक्त फोनवर बोलणं झालं होतं; म्हणून मुलगी मागून येतेय असं समजून त्यांनी या जोडप्यालाच मामा-मामी धरलं होतं. आणि सूप वाढणारा मिथुन अण्णासाहेबांचा एकुलता एक मुलगा होता.

सर्जेराव उठू लागले, तर मिथुननंच त्यांना बसवलं. "बसा काका. बराबर बोलले तुम्ही, सकाळपासून थरथरून राह्यलो." हे ऐकून मोनालीला हसू आवरेना. आइस्क्रीम येईपर्यंत लग्न ठरलं, आणि परक्या सर्जेरावांनाही पेढा मिळाला.

परतीच्या गाडीत सर्जेराव बाहीवरचा सुपाचा डाग चोळत बसले. मग हळूच म्हणाले, "तुझे मामा मला पाहायला आल्ते, तवा घरी जाऊन काय म्हणले?"

"जेवण लई चांगलं होतं म्हणले."

"आन् मुलगा?"

दैवशालाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "त्याच्याकडं पाह्यचं राहूनच गेलं म्हणे."