पंचाक्षरीनं हात मिळवला

छत्तिसाव्या वर्षी पंचाक्षरी तालमीत गेला आणि पहिल्याच दिवशी त्याची मान आखडली. सोलापुरात एका गिरणीत तो टाइमकीपर होता. आठ दिवस तो अख्खं अंग वळवून लोकांशी बोलत होता, आणि लोक त्याच्या मागं हसत होते.

हे दुखणं त्यानं हौसेनं घेतलं नव्हतं. त्याचा बाप निंगप्पा एके काळचा नावाजलेला पैलवान. पोरगा सोळाव्या वर्षी तालीम बुडवून पळाला, तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला होता, "अंगाला माती लागंपतूर माझ्याशी बोलू नगंस." त्याला वीस वर्षं झाली. दिवाळीत निंगप्पाची डावी बाजू गेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. म्हातारा शेजाऱ्यांशी बोले, घरच्या मांजराशीसुद्धा बोले, पण पोराशी नाही. बाप न बोलताच जाणार, या विचारानं पंचाक्षरीला जेवण जाईना.

तीन महिन्यांत रावजी वस्तादांनी त्याला पडायला तेवढं शिकवलं. मग म्हणाले, "जत्रंच्या मैदानात आपल्याच तालमीतल्या शिंप्याबरोबर तुजी जोड लावतो. त्योबी नवखा हाय. म्हाताऱ्याला घिऊन ये."

शेजारच्या भिमा टांगेवाल्यानं निंगप्पाला उचलून टांग्यात घातलं आणि मैदानाच्या कडेला आणून बसवलं. म्हाताऱ्यानं मातीचा वास घेतला आणि मान ताठ केली.

पंचाक्षरी लंगोट लावून कुडकुडत उभा होता. तेवढ्यात एक धिप्पाड गडी हात वर करून मैदानाला फेरी मारू लागला. कोणी त्याच्याकडं बघेना, सगळे आपापल्या चपलांकडं बघत होते. गडी पंचाक्षरीसमोर आला, थांबला, हसला आणि त्यानं हात पुढं केला. गिरणीत साहेबानं हात पुढं केला की तो धरायचा असतो, एवढं पंचाक्षरीला ठाऊक होतं. त्यानं अदबीनं दोन्ही हातांनी हात मिळवला.

एकच गलका झाला. हलगी कडाडली.

वस्ताद धावत आले. "आरं, काय केलंस? टेंभुर्णीचा जोतीराम हाय त्यो! त्यो जोड हुडकत हिंडतुया. हात दिला म्हंजी कुस्ती ठरली!"

"मला वाटलं, नमस्कार करतोय. वस्ताद, सांगा की त्याला, चूक झाली."

"दिलेला हात माघारी घेत्यात व्हय? तुज्या बाला हितनं तोंड लपवून जावं लागंल."

पंचाक्षरीनं बापाकडं पाहिलं. म्हातारा कान टवकारून बसला होता. मग पर्यायच उरला नाही.

शिंपी खुशीत गर्दीत जाऊन बसला.

जोतीराम भला माणूस निघाला. अंगावर माती टाकता टाकता हळूच म्हणाला, "पावणं, हाडं तेवढी संबाळा." पुढं पंचाक्षरीला आठवतं ते निळं आभाळ आणि त्यात एक घार. कुस्ती सात सेकंद चालली. टाइमकीपरच तो, पडतानाही त्यानं मोजली.

कडेला भिमानं खोटं बोलायची तयारी केली. "अण्णा, पोरानं काय झुंज दिली म्हनून सांगू!"

"गप. पाठ आपटल्याली ऐकली की मी. कंचा पाय फुडं टाकला हुता?"

"डावा."

पंचाक्षरी लंगडत आला आणि मान खाली घालून बापापुढं बसला. निंगप्पानं उजवा हात पुढं केला, त्याचा खांदा चाचपला, मग पाठ. पाठभर ओली लाल माती होती. पैलवानाच्या पाठीला माती म्हणजे हार. म्हाताऱ्यानं ती एका हातानं सावकाश झाडायला सुरुवात केली. कोणी बघायच्या आत सगळी झाडून टाकायची होती त्याला.

"लागली की माती," तो म्हणाला. "डावा पाय मागं घ्यायचा असतो, गाढवा."

पंचाक्षरी चारचौघांत ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, हाड मोडलं.

त्यानंतर निंगप्पा सतरा दिवस जगला आणि सतराही दिवस बोलत राहिला. वीस वर्षांच्या तुंबलेल्या शिव्या त्यानं पोराला दिल्या, रोज पहाटे उठवून तालमीत हाकललं. शेवटच्या दिवशी पंचाक्षरीची आई सिद्धम्मा म्हाताऱ्याच्या तोंडात पाणी घालत म्हणाली, "आवो, देवाचं नाव घ्या." म्हाताऱ्यानं डोळे किलकिले केले आणि पोराला म्हणाला, "मागं घे. डावा."

पंचाक्षरी अजून तालमीत जातो. डावा पाय आठवणीनं मागं घेतो. आता जोतीराम नसतो समोर, शिंपीच असतो, तरी पडतो. पाठीवरची माती मात्र त्याला स्वतःला झाडता येत नाही. हात तिथवर पोचत नाही. तो तसाच घरी येतो.