घरच्याला काय विचारायचं

आमच्या आळीत अनोळखी माणूस शिरला की शिलाई मशीन थांबायचं. मशीन इंदूआक्काचं. जुन्नरमधल्या आमच्या आळीच्या तोंडालाच तिचं घर, आणि ओट्यावर मशीन मांडून ती दिवसभर साड्यांना फॉल-पिको करत बसलेली. खडखड थांबली की आम्ही घरात बसल्या बसल्या ओळखायचो, कुणीतरी आक्काच्या तावडीत सापडलं.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी पाणी. "बसा पावणं, उन्हाचं आलात," असं इतक्या मायेनं म्हणायची की माणूस बसायचाच. पाण्याला नाही म्हणणारा तिच्या लेखी निम्मा गुन्हेगार. मग गाव कोणतं ते विचारायचं. आणि गावाचं नाव कळलं की घोटभर पाणी घशाखाली उतरायच्या आत पुढचा प्रश्न, "जत्रा कधी असती तुमची?"

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या झाडून सगळ्या जत्रा तिला पाठ होत्या. तिचा नवरा एसटीत कंडक्टर होता. जत्रेला जादा गाड्या सुटत आणि त्यांच्यावर हमखास त्याची नेमणूक होई. नवरा कोणत्या रात्री घरी येणार नाही हे लक्षात ठेवता ठेवता आक्काचं पंचांग तयार झालं. तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. पंचांग राहिलं, आणि आक्कानं ते आळीच्या संरक्षणाला लावलं.

एकदा दागिने उजळून देणारा एक जण आला. गाव ओतूर म्हणाला. आक्कानं जत्रा विचारली, तर श्रावणात असते म्हणाला. बरोबर होतं. तो जरा सैल होऊन बसला. तेव्हा आक्कानं विचारलं, श्रावणी सोमवारी देवळात पिंडी कशाच्या करतात? तो म्हणाला, दगडाच्या. आक्का उठली आणि तिनं त्याचा पावडरीचा डबा उचलून मशीनखाली ठेवला. ओतूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पिंडी तांदळाच्या असतात. तो डबा न घेताच पळाला. पुढं दोन-चार दिवसांत पलीकडच्या आळीतून बातमी आली, एका म्हातारीच्या पाटल्या कुणीतरी पाण्यात बुडवून चकचकीत करून दिल्या आणि सोनाराकडं नेल्या तर वजनाला निम्म्या भरल्या. त्या दिवसापासून आक्काला हसणारे आम्ही सगळे गप्प झालो.

प्रत्येक वेळी ती बरोबरच असायची असं नाही. गॅसची शेगडी तपासायला आलेल्या एका तरुणाला तिनं ओट्यावर बसवून ठेवलं आणि एजन्सीत माणूस पाठवला. माणूस परत येईपर्यंत त्या बिचाऱ्याला तांब्याभर पाणी प्यावं लागलं. तो खरा निघाला. मी आक्काला म्हटलं, उगाच छळलंस. ती म्हणाली, "खरा निघाला तर बिघडलं काय? त्याचं खरेपण कुठं झिजलं का?" माझ्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनाही ती जत्रा विचारून मोकळी झाली होती. सासरे अजून ते सांगतात आणि आता हसतात. तेव्हा हसले नव्हते.

पोस्टानं घरोघर कुपनं यायची. खरवडा, कुकर लागला, एवढे पैसे भरून सोडवून घ्या. बायका हरखायच्या. आक्का म्हणायची, आपण खेळलोच न्हाई तर जिंकलो कसे?

सगळ्यांची तपासणी करणाऱ्या या बाईनं एका माणसाला मात्र कधी काही विचारलं नाही. तो विलास. तिच्या थोरल्या भावाचा मुलगा.

आक्काचं माहेर मंचरच्या पलीकडं, घोड नदीच्या काठी. आईवडील गेलेले. माहेर म्हणजे दादा, वहिनी आणि विलास. लहानपणी विलास सुट्टीला इकडंच असायचा. आक्कानं त्याला मशीनच्या पायडलवर बसवून झोके दिलेले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी तो पांढरा शर्ट, हातात ब्रीफकेस असा आला, तेव्हा आक्का त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली.

ब्रीफकेसमध्ये गुळगुळीत रंगीत कागद होते. त्यावर सागाची झाडं. पुण्यात त्याची कंपनी होती. आपण हप्ते भरायचे, कंपनी आपल्या नावानं साग लावणार, झाड मोठं झालं की लाकडाचा पैसा आपला. झाड आपल्यासाठी वाढत राहणार, आपण नुसतं बसायचं. आळीतल्या बायका जमल्या. विलास हसून म्हणाला, "आत्या, मला विचार की जत्रा." सगळ्या हसल्या. आक्काही हसली. म्हणाली, "घरच्याला काय विचारायचं?"

त्या एका वाक्यावर आळीनं पैसे दिले. समोरच्या हमीदाभाभीनं पत्रे बदलायला साठवलेले दिले. हमीदाभाभी म्हणजे आक्काची रोजची सोबत. दुपारचा चहा दोघींचा एकत्र व्हायचा, एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं. माझ्या बायकोनंही भरले. झाडं कुठं आहेत, जमीन कुणाच्या नावावर आहे, कंपनीला पैसे गोळा करायची परवानगी कुणी दिली, हे एकीनंही विचारलं नाही. मीही नाही. मी मंचरला एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला, रोज मुलांना सांगायचो, पुरावा बघितल्याशिवाय मान्य करू नका. पण आक्का होती ना.

विलास महिन्याच्या महिन्याला यायचा, हप्ते घ्यायचा, पावत्या द्यायचा, आत्याच्या हातची बाजरीची भाकरी खाऊन जायचा. दिवाळीनंतरही आला. मग यायचा थांबला. बायका आधी आडून, मग सरळ विचारू लागल्या. एक दिवस आक्का मला म्हणाली, उद्या रजा घे, पुण्याला जायचंय.

पावतीवरच्या पत्त्यावर आम्ही गेलो. दुसऱ्या मजल्यावर कुलूप. आक्कानं वॉचमनला गाठलं. त्यानं सांगितलं, ऑफिस गौरी-गणपतीतच बंद झालं, सामानसुद्धा उचललं, तेव्हापासून रोज कुणी ना कुणी असं विचारायला येतं. मी म्हटलं, विलासलाही फसवलं असेल कंपनीनं. आक्का जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, "दिवाळीनंतर आला व्हता की तो. हमीदाचा हप्ता माझ्यासमोर घेतला."

ऑफिस बंद झाल्याचं ठाऊक असून त्यानं पैसे नेले होते. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, मावशी, बरं वाटत न्हाई का? तर तिनं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही.

तक्रार द्यायची तर पैसे कुणाच्या घरात, कुणाच्या समोर दिले हे सांगणारा साक्षीदार हवा होता. पैसे देणाऱ्यांखेरीज तसं सांगणारी आक्का एकटीच होती. हे गावाकडं कळलं आणि दुसऱ्याच दिवशी दादा आले. धोतर, टोपी, हातात पिशवी, तिच्यात बहिणीसाठी वाल आणि शेंगा. ते ओट्यावर बसले. मी तिथंच होतो, उठायला लागलो तर आक्कानं हातानं थांबवलं. दादांनी आवाज चढवला नाही. पोरगं चुकलं म्हणाले. तुझ्या मांडीवर वाढलंय म्हणाले. तू नाव घेतलं न्हाईस तर दुसरं कुणी घेणार न्हाई.

आक्का म्हणाली, "दादा, ह्या बायांनी विलासकडं बघून पैसे दिले न्हाईत. माझ्या तोंडाकडं बघून दिले."

"मग पोराला खडी फोडायला पाठव."

आक्कानं पाण्याचा पेला त्यांच्याकडं सरकवला. दादा उठले. "आजपासून तुला म्हायेर न्हाई," एवढंच म्हणाले. पिशवी तिथंच राहिली आणि आक्कानं समोर ठेवलेलं पाणीही तसंच राहिलं. ती तशीच उठली, पायात चपला घातल्या आणि पोलीस ठाण्याकडं निघाली. मी बरोबर गेलो. जबाब तिनं नीट दिला. भाच्याचं पूर्ण नाव सांगताना मात्र बापाच्या नावाशी अडखळली.

विलास काही महिने आत होता, मग जामिनावर सुटला आणि कुठंतरी गुजरातेकडं गेला म्हणतात. केस चालत राहिली. पैसे कुणाला मिळाले नाहीत. हमीदाभाभीनं जुन्याच पत्र्यांवर प्लास्टिकचा कागद टाकून पावसाळा काढला.

आळीनं आक्काला दोष दिला नाही, पण तिच्याशी पहिल्यासारखं कुणी बोलेना. दुपारचा चहा बंद झाला. मशीन घरात गेलं. अनोळखी माणसं आळीत खुशाल शिरू लागली. एक जण झाडू विकून गेला, ते आठ दिवसांत गळाले. एक जण आला आणि अगदी ओरिजनल म्हणून केशर विकून गेला, ते मक्याच्या कणसाचे केस निघाले. त्यात माझीही डबी होती.

शेवटी एका दुपारी हमीदाभाभी कोरी साडी घेऊन आक्काच्या दारात गेली. म्हणाली, फॉल लावायचाय. आक्का म्हणाली, पैसे घेणार न्हाई. भाभी म्हणाली, "नको घेऊ. पण मशीन भायेर काढ. आळी लई सुनी वाटती." आणि मशीनचं एक टोक तिनं स्वतः उचललं.

मशीन ओट्यावर आलं, पाणी आलं, प्रश्नही आले. पण आता आक्काचं एक वाक्य वाढलं होतं. कुणीही नवी स्कीम घेऊन आलं की ती आळीतल्या बायकांना सांगायची, "परक्याला मी विचारते. ओळखीच्याला तुमी विचारा." साखळीनं माल विकायच्या धंद्यात माझा सख्खा मेव्हणा शिरला, तेव्हा तिनं मला घरी येऊन बजावलं, मेव्हणा म्हणून कागद न बघता सही करशील तर याद राख. मी कागद बघितले. सही केली नाही. मेव्हणा वर्षभर बोलला नाही, पुढं स्वतःच बाहेर पडला आणि बोलू लागला.

मग मोबाइल आले. आक्काला पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचा फोन आला, हिंदीत. तिनं त्याला आईचं नाव विचारलं, जेवला का विचारलं, आणि फॉल नीट बसण्यासाठी आधी कापड का भिजवायचं हे मराठीत समजावून सांगितलं. त्यानंच फोन ठेवला. ती म्हणाली, बोलायला बरा व्हता.

हे ऐकून आम्ही हसलो. पण दिवाळी आली की तिच्या ओट्याकडं बघवत नसे. भाऊबिजेला ती सकाळपासून मशीन चालवायची. त्या दिवशी साडी कुणाची नसायची. जुन्या धडप्यांना ती टीप मारत बसायची.

काही वर्षांनी मंचरला मला कळलं, दादांना दवाखान्यात ठेवलंय. मी संध्याकाळी आक्काला सांगितलं. सकाळी ती माझ्याआधी एसटी स्टँडवर उभी होती.

दवाखान्यात ती खोलीत गेली नाही. बाहेरच्या बाकावर बसली. वहिनी दारात आल्या, त्यांनी तिला बघितलं आणि आत गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या, हातात चहाचा पेला. तो त्यांनी बाकावर आक्काशेजारी ठेवला आणि वळल्या. आक्कानं तो दोन्ही हातांत धरून ठेवला आणि गार झाल्यावर प्याली.

मी आत जाऊन आलो. दादा ओळखू न येण्याइतके वाळले होते. मी कुणाच्या बरोबर आलोय हे त्यांना ठाऊक होतं, वहिनींनी माझ्यासमोरच सांगितलं. त्यांनी माझ्या शाळेची चौकशी केली, कांद्याच्या भावाची केली, आणि भिंतीकडं तोंड फिरवून पडले.

परतताना एसटीत आक्का खिडकीशी बसली. कळंब मागं गेल्यावर तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "माझं काय विचारलं का रे दादानं?"

"हो," मी म्हटलं. "बरी हाय ना म्हणाले. तब्येतीला जप म्हणाले."

आता ती वळली आणि माझ्या तोंडाकडं बघू लागली. मी नजर हलवली नाही, पण कानशिलं तापल्याचं मला जाणवलं. आता ती विचारणार, नेमकं काय म्हणाले, कोणत्या शब्दांत म्हणाले, वहिनी तेव्हा कुठं होती. मी उत्तरं जुळवू लागलो.

तिनं काही विचारलं नाही. "बरं झालं," म्हणाली, पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत राहिली.