अंतोन हवालदाराची माफी

आमच्या शेजारच्या अंतोन हवालदाराला लोकांना माफ करायची खोड होती. तुम्ही म्हणाल, चांगलं आहे की. चांगलं कुठलं, डोंबलाचं! माणसानं आधी काहीतरी गुन्हा करावा, मग हातापाया पडावं, मग तुम्ही त्याला माफ करावं, ही जगाची रीत. हे गृहस्थ आधीच माफ करून मोकळे. कडेगावची एस.टी. तासभर उशिरा आली की हा फाट्यावर टाचा जुळवून उभा, आणि कंडक्टर दिसला रे दिसला की ओरडायचा, "माफ! आगे बढ!" तो बिचारा दचकून घंटी ओढायचा. एकदा तर दोन बायका उतरायच्या राहिल्या.

म्हैस मेथीत शिरली, म्हशीला माफ. पोरांनी पेरू चोरले, पोरांना माफ. मी शाळेवर बदली होऊन आले आणि त्याच्या शेजारची खोली घेतली, तर पहिल्याच दिवशी कुंपणावरून आवाज.

"बाई, तुमाला माफ."

"कशाबद्दल हो?"

"ते तुमी शोधा."

आता सांगा! मी चांगली सुशिक्षित बाई, पण दोन दिवस आपण काय केलं असावं याचाच विचार करत होते. तेव्हापासून तो माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

हवालदार ख्रिस्ती होता, गावात त्या धर्माचा एकटाच. फौजेत उभी हयात घालवलेली. मूळचा कुठला विचारलं तर "बेळगावकडचा" म्हणायचा आणि विषय बदलायचा. पेन्शनीत निघाल्यावर आमच्या गावात येऊन त्यानं एक खोली बांधली. इथं ना त्याचं गोत, ना नातं, ना चर्च. मिस्सा, म्हणजे त्यांची चर्चमधली प्रार्थना, ऐकायलासुद्धा एस.टी.नं सांगलीला जावं लागायचं. हा इथं कशाला तडफडला हे गावाला पडलेलं कोडं होतं. खोदून विचारलं की म्हणे, "हवा चांगली हाय." आमच्या गावची हवा! उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल आणि मधल्या वेळात गुऱ्हाळाचा धूर.

दुसरी खोड पाण्याची. दारात रांजण, वर पितळेचा तांब्या. जाणाऱ्या-येणाऱ्याला हात धरून थांबवायचा आणि तहान असो-नसो, पाणी पाजायचा. नको म्हणायची सोय नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात टँकरमागं लोक घागरी आपटून भांडत होते, तेव्हाही हा शहाणा आपल्या वाट्याचं पाणी त्या रांजणात ओतून बसलेला. स्वतः मात्र महिनाभर आंघोळीवाचून. वाऱ्याची दिशा बदलली की मला कळायचं.

आणि तिसरी, म्हणजे त्याची मरिया. घराच्या दर्शनी भिंतीत एक कोनाडा, त्यात हातभर उंचीची येशूच्या आईची मूर्ती. निळा पदर, जोडलेले हात, पायाखाली साप. बरोबर बाराला तिच्यापुढं हा रुळाचा तुकडा टांगून बडवायचा आणि "नमो मरिये" सुरू करायचा. माझी शाळा समोर. ठण्ण झालं की पोरं दप्तरं उचलून पसार! सुट्टी साडेबाराला, हे मी पोरांना सांगून दमले. त्याला सांगायला गेले तर मलाच माफ करून परत पाठवलं. वर म्हणाला, "देवाची दया रेशनवर मिळत न्हाई बाई. तिला कार्ड लागत न्हाई." माझ्या अर्ध्या तासाचं काय, ते नाही बोलला.

कोनाड्यावर त्यानं निळीनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "मरिया आई". पन्हाळीचं पाणी नेमकं तिथंच ठिबकायचं. पहिल्याच पावसात 'या' धुऊन गेला. राहिलं काय? "मरि आई".

झालं! मरीआई म्हणजे पटकीची देवी, आमच्याकडची सगळ्यात कडक. बायका लिंबं, दहीभात, हिरव्या बांगड्या घेऊन हजर. हा आतून बनियनवर धावत यायचा. "आवं, ही मरीआई न्हवं, मरिया! ही रोग देत न्हाई!" तर पाटलाची म्हातारी तानूबाई शांतपणे म्हणायची, "मग तर लयच चांगली." आणि नारळ फोडायची. हा 'या' पुन्हा लिहायचा, पाऊस पुन्हा पुसायचा. "पन्हाळ हलवा," मी शंभरदा सांगितलं. शुद्धलेखन ही माझी भाकरी आहे हो, माझ्या डोळ्यांदेखत अक्षर गळतं म्हणजे काय! पण ऐकेल तो हवालदार कसला.

दुष्काळ सरल्यानंतरच्या आषाढात गावात हगवणीची साथ आली. तालुक्याचा डॉक्टर सुया टोचून गेला. पण तेवढ्यावर गावाचं समाधान होतंय होय? मरीआईचा गाडा काढायचं ठरलं. म्हणजे देवीला लाकडी गाड्यावर बसवायचं, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचं आणि तिथं सोडून मागं न बघता परत यायचं. देवीबरोबर रोगही जातो. एकदा शिवेबाहेर घातलेलं परत गावात आणायचं नाही, हा नियम. तानूबाई म्हणाली, "आपली देवी निस्ता शेंदराचा दगुड. हवालदाराची जागती हाय. सापाला पायाखाली घेतलाय तिनं." मंगळवारी मरियेचा कसलासा सण होता, म्हणून हवालदार सांगलीला गेलेला. गावानं हळदीकुंकू लावून, हलगी लावून त्याची मरिया शिवेवरच्या चिंचेखाली नेऊन ठेवली.

खरं सांगते, मला गंमत वाटली. दुपारच्या गाडीनं तो उतरला तेव्हा मी मुद्दाम दारातच उभी राहिले. आता बघू म्हटलं, माफी कुठं जाते ती. रिकामा कोनाडा बघून तो थांबला. मी घडलं ते सांगितलं. 'माफ' नाही की 'आगे बढ' नाही. पिशवी माझ्या हातात दिली आणि पायताण न काढता, तोंड न धुता शिवेकडं चालू लागला.

तिथं जो बसला तो बसलाच. एक दिवस, दोन दिवस. वरून पाऊस, अंगावर फौजेतलं घोंगडं. मूर्ती आणायला गाव कबूल नाही आणि तिला सोडून यायला हा कबूल नाही. पोरं बाराची वाट बघायची आणि रुळाचा तुकडा गप्प. माझे तास पूर्ण होऊ लागले, पण शिकवण्यात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भाकरी आणि झुणका बांधून घेतला आणि चिखल तुडवत निघाले. वाटेत त्याला द्यायच्या शिव्या जमवत होते.

"हवालदार, वेड लागलंय का तुम्हाला? मूर्तीच आहे ना? दुसरी आणा सांगलीहून!"

त्यानं भाकरीकडं बघितलंही नाही.

"आईला हितं सोडून एकदा गेलोय बाई. दुसऱ्यांदा न्हाई जायचो."

"बेळगावकडचे ना तुम्ही?"

"जतचा मी. धनगराचा. दुष्काळात मेंढरं मेली, आन आई मला घिऊन चालत निघाली. ह्याच चिंचंखाली तिला पटकी लागली. 'पाणी आण' म्हणली. मी गावात गेलो तर येशीवर लोकं धोंडं घिऊन हुभी. आत कोण घिईना. मी आठ वर्सांचा, लय भ्यालो. माघारी आईकडं जायचं तर तसाच पुढं पळालो. फिरून आलोच न्हाई. पुढं सांगलीत एका पाद्रीबाबानं वाढवला, अंतोन नाव ठिवलं."

मी तिथंच चिखलात बसले.

"गावाला कवाच माफ केलं मी. भ्यालती लोकं, जशी मी भ्यालो. म्हणून तर हितं ऱ्हायलो. पर माझं काय? पाद्रीबाबा म्हणायचा, देवानं माफ केलं. देवानं केलं असंल. आईचं कसं कळायचं? म्हणलं, दिसंल त्याला माफी वाटत सुटावं. येवढ्यांना वाटली तर त्यातली एखादी फिरून माझ्याकडं यील." मूर्तीवर पडलेला चिंचेचा पाला त्यानं वेचून काढला. "न्हाई आली अजून."

मेला! तोंडावर पदर घ्यायची पाळी आणली माझ्यावर.

तेवढ्यात चाकं वाजली. तोच गाडा, पुढं तानूबाई आणि मागं पाच-सात बायका, ताटात खण, नारळ, हळदीकुंकू. मी चिडून म्हटलं, "आता काय राहिलंय तुमचं?" म्हातारी मलाच डाफरली. "गप गं मास्तरणी! घालवलेली देवी आणता येत न्हाई. पर लेकीला म्हायेराला आणाय कोण आडवतंय?" आणि तिनं मरियेची ओटी भरली. हिरव्या बांगड्या मूर्तीच्या जोडलेल्या हातांत जाईनात, तर तिच्या पायाशी ठेवल्या. एरवी हवालदार केवढा ओरडला असता! आता नुसता बघत होता.

मग म्हातारी त्याच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ती आपली रीतीप्रमाणं बोलली.

"ऊठ रं लेकरा. आमचं काय चुकलं आसंल तर माफ कर. आन तुजं कवा काय चुकलं आसंल, तर ते म्या केलं माफ. शिवंवर आसं एकटं बसू ने."

हवालदार उठला. चिखलात टाचा जुळवल्या, ताठ उभा राहिला, तानूबाईला कडक सलाम ठोकला. तोंड उघडलं, पण हनुवटी नुसती हलत राहिली, आवाज फुटेना. बायका गाडा धरून खोळंबलेल्या, वर आभाळ भरलेलं.

शेवटी "आगे बढ" मलाच म्हणावं लागलं.