बारा वर्षं हरवलेलं घंगाळ

गाडी दारात लागताच तानूबाईनं पुढची सीट पटकावली, वरनं काचही खाली केली! थोरली जाऊ मागं बसलीय, तिच्या डोळ्यांत धूळ जातेय, याची काही लाज? विजयमालाबाईंना नवल वाटलं नाही. जी बाई हळदीकुंकवाला येऊन आपल्या मामानं लग्नात दिलेलं पितळी घंगाळ लंपास करते, तिला काचेचं काय!

त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. सांगवीत एकाच आळीत राहून दोघी जावा तेव्हापासून बोलत नव्हत्या. आता तानूबाईच्या नातीचं, श्रेयाचं लग्न आठवड्यावर आलं, आणि थोरल्या जावेनं पहिलं बोट लावल्याशिवाय घरात कुणाला हळद लागत नव्हती. म्हणून विजयमालाबाईंच्या लेकानं, रणजितनं डोकं चालवलं. भिगवणजवळ, धरणाच्या बॅकवॉटरच्या काठी इंग्रजांच्या वेळचा डाक बंगला होता. तिथं दोघींना दोन दिवस ठेवायचं. पक्षी बघतील, मासे खातील, मिटवतील.

"मिटवायचं काय त्यात? दोन दिवसांत कबूल करून घेते का न्हाय बघ!" विजयमालाबाईंनी घरीच सांगून टाकलं होतं.

डाक बंगल्याचं आता 'हेरिटेज हॉटेल' झालं होतं. म्हणजे खाटा करकरत होत्या आणि त्याचंच कौतुक होतं. विजयमालाबाईंनी व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि थबकल्या. तिपाईवर घंगाळ! काठोकाठ पाणी, वर गुलाबाच्या पाकळ्या.

"आजी, हात नका लावू!" मॅनेजर केयूर धावला. "सरदार घराण्यातलं आहे. अठराव्या शतकातलं."

"कुठल्या सरदाराचं रं? काठ वाच की!"

केयूरनं पाकळ्या सारून वाचलं, "चि. सौ. कां. विजयमाला हिस मामाकडून."

"ती विजयमाला म्हंजे मी! अठराव्या शतकातली दिसते व्हय तुला?"

पाहुण्यांनी मोबाइल काढले. विजयमालाबाईंनी घंगाळाची एक कडी ओढली, केयूरनं दुसरी. तिपाई कलली आणि सगळं पाणी केयूरच्या पँटीवरनं थेट बुटांत! अंगभर पाकळ्या चिकटून तो नवरदेवाच्या गाडीसारखा दिसायला लागला.

"बघा समदी! हिनंच इकलं!" विजयमालाबाईंनी जावेकडं बोट केलं.

"आक्का, येवढं घंगाळ पदराखाली मावतं व्हय?" तानूबाई म्हणाली.

"तुझ्या पदराखाली ट्रॅक्टर बी मावंल! ए मॅनेजर, कुणाकडनं घेतलंस?"

"बारामतीच्या एका भंगारवाल्याकडून," केयूर मोजे पिळत म्हणाला.

"बोलाव त्याला! पोलिसांस्नी बी बोलाव! हिला समोरासमोर उभी करा!"

दोघींना गाडीतून घेऊन आलेला रणजित मघापासून पक्ष्यांसाठी आणलेल्या दुर्बिणीतून भिंत बघत होता.

"आई, पोलिस नको," तो भिंतीलाच म्हणाला. "सोलर बसवला तवा मीच दिलं भंगारात. बदल्यात ते दोन निळे टब घेतले. तू चिडशील म्हणून बोललो न्हाय."

"आन् मी काकीवर आळ घेतला तवा?"

"तवा तर तू लईच चिडली हुतीस."

त्याच निळ्या टबांत विजयमालाबाई बारा वर्षं रोज धुणं भिजवत होत्या, आणि धुणं आपटताना जावेचा उद्धार करत होत्या! तानूबाई नुसती बघत राहिली, तेच जास्त झोंबलं.

विजयमालाबाईंनी पदर सावरला. घसा खाकरला.

"तानू, चोरी तू केली न्हाईस, मान्य. पर तवा एकदा 'मी न्हाय' म्हणून गप बसायचं असतं व्हय? बारा वरसं मला चुकीचं बोलू दिलंस, हा गुन्हा तुझाच! श्रेयाला हळद लावायला येते मी. जा, तुला माफ केलं!"